एक गाडी, तीन इंजिने

जुन्या गाडीचे इंजिन थकले की मालकासमोर दोन रस्ते असतात. तेच इंजिन खोलून, बोअर करून, नवे पिस्टन टाकून पुन्हा बांधायचे. नाहीतर ते उतरवून त्या जागी दुसरेच बसवायचे. हा प्रश्न रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजात निघतो. आपल्या अनेक घरांत कुणाचा भाऊ टॅक्सी चालवतो, कुणाचा मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाने-पक्कड धरायला शिकतो, तर कुणाच्या दारात वडिलांच्या काळातली गाडी ताडपत्रीखाली उभी असते. अशा घरांत दस्तरख्वानावरही या विषयाचा वाद रंगतो. तरुण मुलांचे मत बहुधा ठरलेले असते : "मोठे इंजिन टाकू या, गाडी पळेल!" घरातल्या मोठ्यांचे मतही ठरलेलेच असते : "कशाला पैसे घालता? विकून टाका."

या दोन्ही मतांच्या मध्ये एक मोठे शास्त्र आहे, आणि ते ज्याला कळले त्याचा पैसाही वाचतो आणि जीवही. ते समजून घेण्यासाठी आपण एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कारची हकीकत पाहू. गाडीचे नाव एमजीबी. एकाच गाडीच्या अंगात तीन वेगवेगळी इंजिने बसवली गेली. पहिले साधे होते, दुसरे फसले आणि तिसरे शोभले. असे का झाले, याचे उत्तर आपल्या गल्लीतल्या गॅरेजलाही लागू पडते.

अ‍ॅम्बेसेडरचा चुलतभाऊ

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या एमजी कारखान्यातून १९६२ साली एमजीबी बाहेर पडली. दोन माणसांची, बुटकी, छत उघडता येणारी गाडी. १९६५ साली तिचा पक्क्या छपराचा भाऊ आला, त्याला एमजीबी जीटी म्हणत. १९८० साली कारखाना बंद झाला तोपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत आणि त्या खोलणे-बांधणे हा तिकडे हजारो लोकांचा छंद आहे, काहींचा रोजगारही आहे.

या गाडीचे इंजिन १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे, संपूर्ण बिडाचे. त्या घराण्याचे नाव 'बी-सिरीज'. इथे वाचकांना एक गंमत सांगायला हवी. आपली अ‍ॅम्बेसेडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीची भारतीय आवृत्ती. १९५७ सालापासून ती बंगालमधल्या उत्तरपाडा इथे बनू लागली आणि थोड्याच काळात तिच्यात जे १४८९ सीसीचे इंजिन आले, ते याच बी-सिरीज घराण्याचे. म्हणजे ज्या इंजिनावर आपल्याकडे लग्नाच्या वरातींपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत सगळे चालले, त्याचाच थोडा मोठा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये स्पोर्ट्‌स कार ओढत होता. अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन डोळे मिटून बांधणाऱ्या एखाद्या जुन्या उस्तादासमोर एमजीबीचे बॉनेट उघडले, तर त्याला ओळख पटायला वेळ लागणार नाही. तीच ब्लॉकमधली कॅमशाफ्ट, तेच लांब पुशरॉड, वरच्या झाकणाखाली तेच रॉकर.

या इंजिनाची ताकद साधारण ९५ अश्वशक्ती होती. आजच्या हिशेबाने ती फार नव्हे. पण इंजिन सहनशील, दुरुस्तीला सोपे आणि भाग सहज मिळणारे. म्हणून आजही जाणकार सांगतात, की दुसऱ्या इंजिनाचा विचार करण्याआधी हे इंजिन एकदा नीट बांधून पाहावे.

बांधणे म्हणजे काय?

आपल्याकडे 'इंजिनचे काम काढले' असे म्हणतात. ऐकायला दोन शब्द, पण त्यात मोजमापाचे केवढे तरी काम दडलेले असते.

आधी रोग ओळखायचा. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर ऑइल जळते आहे. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल खाली उतरत असेल. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. हेड गॅस्केट गेले असेल किंवा हेडला तडा असेल. ऑइलचा दाब कमी दाखवत असेल आणि खालून ठकठक येत असेल तर क्रँकच्या बेअरिंगा संशयित. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले की आजार नेमका कुठे आहे हे बरेच कळते. मोजल्याशिवाय इंजिन उतरवणारा मेकॅनिक म्हणजे नाडी न पाहता चिरफाड करणारा डॉक्टर.

मग इंजिन खोलायचे. चांगल्या कारागिराची पहिली खूण इथेच दिसते. कुठला पुशरॉड कुठल्या व्हॉल्व्हचा, कुठली बेअरिंग कॅप कितव्या नंबरची आणि कुठल्या बाजूने, हे तो लिहून ठेवतो. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासलेले भाग जोडीनेच परत बसले पाहिजेत.

त्यानंतर मोजमाप. एमजीबीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ८०.२६ मिलिमीटर. पिस्टन वर-खाली होताना बाजूच्या भिंतीवर रेटा देतो, त्यामुळे सिलिंडर हळूहळू गोल न राहता अंडाकृती होतो, आणि वरच्या बाजूला जास्त झिजतो. ही झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की लेथवाल्याकडून बोअर करून घ्यायचे आणि मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे. हे पिस्टन इंचाच्या वीस, तीस, चाळीस, साठ हजारांश अशा वाढीव मापांत मिळतात. क्रँकशाफ्टचे मात्र उलट असते. तिचे जर्नल घासून बारीक करायचे आणि तेवढ्या जाड बेअरिंगा टाकायच्या. म्हणजे सिलिंडर मोठा होत जातो आणि क्रँक बारीक. दोन्हींना शेवट आहे. तो शेवट गाठेपर्यंत एकच ब्लॉक दोन-तीन पिढ्यांना पुरतो.

हेडचे काम वेगळे. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये त्या शिशाचा पातळ थर उशीसारखा काम करी. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडेही २००० सालापासून शिसेवाले पेट्रोल बंद झाले. आरोग्यासाठी ते फार चांगले झाले, पण जुन्या बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका उघड्या पडल्या आणि खोल जाऊ लागल्या. म्हणून आता जुने इंजिन बांधताना हेडमध्ये कडक पोलादाच्या नव्या सीट बसवून घेतात. हे काम वगळून वाचवलेला पैसा पुढे दुप्पट जातो.

शेवटी जोडणी. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने, टॉर्क रेंच लावून आवळायचा. व्हॉल्व्हची मोकळीक इंचाच्या पंधरा हजारांश ठेवायची. आणि नवी कॅमशाफ्ट टाकली असेल तर इंजिन पहिल्यांदा सुरू झाल्यावर ते सुस्त चालू द्यायचे नाही; वीसेक मिनिटे मध्यम वेगावर फिरवत ठेवायचे, म्हणजे कॅम आणि टॅपेट यांच्यापर्यंत ऑइल नीट पोचून ते एकमेकांवर बसतात. त्यानंतरचे पहिले काही शे किलोमीटर सब्र करायचा. पाय दाबायचा नाही, चढावर रेटायचे नाही, आणि ऑइल लवकर बदलायचे. कित्येक चांगली बांधलेली इंजिने या पहिल्या आठवड्यातल्या घाईने खराब झाली आहेत.

दुसरे इंजिन : ताकद वाढली, तोल गेला

आता अदलाबदलीकडे येऊ. एमजीबी पळायला बरी होती, पण गिऱ्हाइकांना आणखी ताकद हवी होती. कंपनीने १९६७ साली त्याच गाडीत २९१२ सीसीचे, सहा सिलिंडरचे बिडाचे इंजिन बसवले आणि तिला एमजीसी असे नाव दिले. ताकद एकदम १४५ अश्वशक्तीवर गेली. कागदावर हिशेब छान दिसत होता.

पण नवे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे ९५ किलोने जड होते. म्हणजे गाडीच्या नाकावर एक भरदार माणूस कायमचा बसवल्यासारखे. इंजिन लांब आणि उंचही होते. त्यामुळे बॉनेटला फुगवटा काढावा लागला, आणि पुढचे सस्पेन्शन मुळापासून बदलून स्प्रिंगांच्या जागी टॉर्शन बार घालावे लागले. इतके करूनही समीक्षकांनी तक्रार केली, की वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढते आणि स्टिअरिंग जड लागते. सरळ रस्त्यावर गाडी उत्तम होती; पण स्पोर्ट्‌स कार घेणारा माणूस तिच्याकडून वळणांवरच्या चपळाईची अपेक्षा करतो, आणि नेमकी तीच कमी झाली. जेमतेम दोन वर्षांत, सुमारे ९,००० गाड्या बनवून, १९६९ साली एमजीसी बंद झाली.

हे कुणा नवशिक्याचे काम नव्हते. कारखाना, इंजिनिअर, चाचणीचा रस्ता, सगळे हाताशी होते. तरीही वजनाने आपला हिशेब चुकता केलाच.

तिसरे इंजिन : अमेरिकेने टाकलेले

तिसऱ्या इंजिनाची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. तिथल्या जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीने १९६१ सालच्या ब्यूक गाडीसाठी साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरचे एक इंजिन काढले. आठ सिलिंडर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दोन रांगांत, म्हणून 'व्ही-८'. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. वजन फक्त ३१८ पौंड, म्हणजे सुमारे १४४ किलो. पण अ‍ॅल्युमिनियमचे एवढे मोठे ओतकाम त्या काळी अवघड आणि महाग होते. ओतीव भागांत सूक्ष्म छिद्रे राहत, पुष्कळ माल बाद होई. दरम्यान पातळ भिंतीचे बिडाचे ब्लॉक स्वस्तात ओतण्याची कला साधली, आणि १९६३ सालानंतर कंपनीने हे इंजिन सोडून दिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट धंद्याच्या कामासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेले होते. बोटींची इंजिने बनवणाऱ्या मर्क्युरी मरीन या कारखान्यात त्यांना हे इंजिन जमिनीवर पडलेले दिसले. ब्यूक गाडीतून काढून ते बोटीत बसवण्यासाठी आणले होते. रोव्हरला आपल्या मोठ्या गाड्यांसाठी नेमके असेच हलके आणि ताकदवान इंजिन हवे होते. त्यांनी ते मोजून पाहिले, चौकशी केली आणि १९६५ साली बनवण्याचे हक्क मिळवले. ज्या ज्यो टर्ले नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने त्यावर काम केले होते, तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. त्यालाच रोव्हरने इंग्लंडला बोलावून घेतले.

पुढे १९६७ सालापासून हे इंजिन रोव्हरच्या गाड्यांत आले, १९७० साली रेंज रोव्हरमध्ये आले, आणि एकविसावे शतक उजाडले तरी बनत होते. एकाने निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी जवळजवळ चाळीस वर्षे भाकरी कमावत राहिली.

एका कारागिराने दाखवलेली वाट

हे इंजिन एमजीबीत बसेल, हे कंपनीच्या आधी एका बाहेरच्या माणसाने करून दाखवले. केन कॉस्टेलो हे इंग्लंडमधले शर्यतीचे चालक आणि इंजिनिअर. १९७० च्या सुमारास त्यांनी एमजीबीत रोव्हरचे व्ही-८ बसवले आणि अशा गाड्या तयार करून विकायला सुरुवात केली. मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची गाडी तपासून पाहिली. त्यानंतर १९७३ साली कंपनीने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली.

आता तीन इंजिनांची ताकद शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पहिले ९५, दुसरे १४५, तिसरे १३७ अश्वशक्ती. म्हणजे ज्याची सगळ्यांनी तारीफ केली ते तिसरे इंजिन ताकदीने दुसऱ्यापेक्षा थोडे कमीच होते! फरक होता वजनात. अ‍ॅल्युमिनियमचे हे आठ सिलिंडर मूळच्या बिडाच्या चार सिलिंडरांच्या जवळपास वजनाचे होते. त्यामुळे गाडीचे नाक जड झाले नाही, सस्पेन्शन मुळापासून बदलावे लागले नाही, वळणावरची चपळाई राहिली, आणि वेग ताशी सुमारे २०० किलोमीटरपर्यंत गेला.

विक्री मात्र फारशी झाली नाही. गाडी महाग होती, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जगात तेलाचे संकट आले. आठ सिलिंडरची गाडी घ्यायला लोक कचरू लागले. १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या बनल्या आणि काम थांबले. पण ही जोडी लोकांच्या मनात बसली. गेली पन्नास वर्षे इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक आपल्या साध्या एमजीबीत हेच इंजिन बसवत आले आहेत. १९८८ साली मूळच्या साच्यांवर दाबलेले एमजीबीचे नवे कोरे सांगाडेही मिळू लागले. १९९२ साली तर खुद्द कंपनीनेच ३.९ लिटरच्या व्ही-८ इंजिनासह आरव्ही-८ नावाची गाडी काढून जुन्या जोडीला पुन्हा उजाळा दिला.

इंजिन बदलले की काय काय बदलते?

'इंजिन टाकले की झाले' असे समजणाऱ्या मुलांनी हा भाग नीट वाचावा. वजनाचा प्रश्न सुटलेला असतानाही एमजीबीत व्ही-८ बसवताना पुढची कामे करावी लागतात.

सगळ्यात आधी जागा. इंजिन दोन रांगांचे, म्हणून रुंद. त्याचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला आणि आतल्या पत्र्याला घासतात. १९७४ च्या अखेरीपासून काळ्या रबरी बंपरच्या ज्या एमजीबी बनल्या, त्यांच्या इंजिनाच्या जागेची रचना व्ही-८ गाडीशी मिळतीजुळती केली गेली होती. म्हणून अदलाबदलीसाठी लोक त्याच गाड्या शोधतात. त्याआधीच्या गाडीत पत्रा कापावा-ठोकावा लागतो. कॉस्टेलो यांच्या गाड्यांत कार्ब्युरेटर वर येत असल्यामुळे बॉनेटला फुगवटा होता. कंपनीने वेगळे मॅनिफोल्ड करून कार्ब्युरेटर मागे सरकवले आणि फुगवटा टाळला.

मग उष्णता. जास्त ताकद म्हणजे जास्त पेट्रोल जळणार, जास्त गरमी होणार. जुना रेडिएटर पुरत नाही. मोठा रेडिएटर आणि विजेचे पंखे लागतात. वाहतुकीत उभी असताना उकळणारी गाडी ही अर्धवट अदलाबदलीची नेहमीची खूण आहे.

मग गिअरबॉक्स. चार सिलिंडरसाठी घडवलेल्या दातांवर आठ सिलिंडरचा जोर पडला तर ते फार दिवस टिकत नाहीत. म्हणून पुष्कळ जण रोव्हरचाच पाच गिअरचा बॉक्स घेतात. त्यासाठी क्लच, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा आधार, सगळे नव्याने जुळवावे लागते.

मग मागचा अ‍ॅक्सल. साध्या एमजीबीत चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट ३.९ वेळा फिरतो. व्ही-८ गाडीत ३.०७ वेळा. हा आकडा तसाच ठेवला तर दमदार इंजिन विनाकारण धावपळ करते, आवाज करते आणि पेट्रोल खाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ब्रेक. कारखान्याने व्ही-८ गाडीला पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते. वेग वाढवणारे काम सगळ्यांना दिसते, म्हणून त्यावर पैसा खर्च होतो; थांबवणारे काम दिसत नाही, म्हणून तिथे काटकसर होते. शर्यतीत ही काटकसर चालकाच्या अंगाशी येते. आपल्या रस्त्यांवर ती दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकरावर बेतते.

आपल्याकडचे दोन दाखले

हाच नियम आपल्या देशातही दिसला. १९८० च्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा काढली. इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचे ऐसपैस, वजनदार शरीर, आणि आत तेच अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन. ज्या बिचाऱ्याने अ‍ॅम्बेसेडर इमानाने ओढली, तेच इथे धापा टाकू लागले. पुढे कंपनीने जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले तेव्हा काँटेसाला तिच्या अंगाला शोभणारी चाल मिळाली. पुढे १९९२ साली हेच इसुझू इंजिन अ‍ॅम्बेसेडरलाही मिळाले. दुसरा दाखला मुंबईतल्या कुर्ल्याचा. तिथल्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली ११८ एनई ही गाडी काढली. शरीर इटलीच्या फियाटचे, इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या निसानचे. दोन देशांच्या वस्तू एकत्र नांदल्या, कारण त्यांची मापे आधी जुळवली होती.

गाडीची ओळख कशात असते?

इंजिन बदलले, तर ती गाडी तीच राहते का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल, पण सरकारी कार्यालयात तो रोजच्या व्यवहाराचा आहे. ब्रिटनमध्ये त्यासाठी अनेक वर्षे चक्क गुणपत्रिका वापरात होती. मूळचा सांगाडा न कापता ठेवला असेल तर ५ गुण. सस्पेन्शन, दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २ गुण. आणि इंजिनाला फक्त १ गुण! एकूण १४ पैकी ८ मिळाले तर गाडीचा जुना नंबर कायम. इंजिन आणि गिअरबॉक्स बदलले तर ३ गुण जातात, ११ राहतात, गाडी पास. पण इंजिन कोंबण्यासाठी सांगाडाच कापला, तर आणखी ५ जातात, ६ राहतात. गाडी नापास, आणि तिची नव्याने तपासणी. आपण ज्याला गाडीचा जीव समजतो त्याला या हिशेबात सगळ्यात कमी गुण आहेत. जे सगळ्यांचा भार सोसते आणि अपघातात माणसाला वाचवते, त्या सांगाड्याला सगळ्यात जास्त.

आपल्याकडे नियम आणखी कडक आहे. आरसी बुकात चासी नंबरसोबत इंजिन नंबरही लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या मूळ वर्णनापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जो बदल चालतो त्यालाही आरटीओची मंजुरी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय कागदावर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरे असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

घरातल्या मोठ्यांसाठी

ज्यांच्या घरात गाड्यांचे वेड असलेला मुलगा आहे, त्यांनी त्याला रागावण्याआधी पुढचे प्रश्न विचारावेत.

१. जुन्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आणि ऑइलचा दाब मोजला का? किती निघाला?
२. ते बोअर करून बांधायला किती खर्च येतो, हे दोन ठिकाणी विचारले का?
३. नव्या इंजिनाचे वजन किती आणि जुन्याचे किती?
४. ब्रेक, रेडिएटर, गिअरबॉक्स यांचा खर्च हिशेबात धरला का?
५. इंजिन कुणाकडून घेणार? पक्के बिल मिळेल का? त्याचा नंबर कुठल्या गाडीचा, हे कागदावर आहे का?
६. आरटीओची मंजुरी आधी घेणार की नंतर बघू म्हणणार?

पाचवा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बिलाशिवाय घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर पहिली चौकशी ज्याच्या गाडीत ते सापडले त्याची होते, आणि दुसरी ज्या गॅरेजात बसवले तिथल्या पोराची. दहा-पंधरा हजार वाचवण्याच्या नादात एका शिकाऊ मुलाचे नाव पोलिसांच्या वहीत जावे, हा सौदा कुठल्याच घराला परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे दहावीला कमी गुण पडलेल्या मुलाला 'मग गॅरेजला टाका' असे म्हणतात, जणू तिथे डोके लागत नाही. वर पाहिलेल्या कामात इंचाचे हजारांश आहेत, धातूंचे गुणधर्म आहेत, गुणोत्तर आहे, उष्णता आहे आणि कायदाही आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उस्तादाच्या हाताखालचा अनुभव आणि हा अभ्यासक्रम एकत्र आले तर मुलगा इंजिन बांधतो, आणि ते तसे का बांधायचे हेही सांगू शकतो. ज्याला मायक्रोमीटर वाचता येतो आणि मॅन्युअल वाचून समजते, त्याच्याकडे लोक लांबून गाडी घेऊन येतात.

म्हणून पुढच्या वेळी मुलगा म्हणाला, "अब्बा, मोठे इंजिन टाकू या," तर त्याच्या हातात कागद-पेन्सिल द्या आणि वरच्या सहा प्रश्नांची उत्तरे लिहून आणायला सांगा. उत्तरे आणायला त्याला आठवडा लागेल. त्या आठवड्यात तो गॅरेजात, लेथवाल्याकडे आणि आरटीओत जे शिकेल, ते नव्या इंजिनापेक्षा त्याच्या जास्त दिवस कामी येईल.